बुडीत खात्याची वही: २०१२चा फॉर्म्युला वन हंगाम कसा पाहावा

मी हिशेब तपासते. २७ वर्षं हेच काम. या कामात पहिल्याच वर्षी एक गोष्ट अंगवळणी पडते: जमेची बाजू सगळेच हौसेनं दाखवतात, पण धंदा कसा चाललाय ते समजतं बुडीत खात्यावरून. कुठली रक्कम हातात आली होती आणि निसटली, कशामुळे निसटली, कुणाच्या चुकीनं. फॉर्म्युला वनचा हंगामही असाच वाचायचा असतो, हे मला फार उशिरा उमगलं. ज्या हंगामानं ते उमगलं तो कसा पाहायचा, हे इथे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ फर्नांडो अलोन्सोचा भक्त. २०१२चं विजेतेपद अलोन्सोच्या हातून ३ गुणांनी गेलं: रेड बुलचा व्हेटेल २८१, फेरारीचा अलोन्सो २७८. बरीच वर्षं उलटली तरी भावाला ते पचलेलं नाही. एकदा त्यानं विचारलं, "ताई, तू एवढे हिशेब तपासतेस, मग सांग ना, अलोन्सो नेमका कुठे हरला?" मी विजेत्यांची यादी काढली. व्हेटेल ५ शर्यती, हॅमिल्टन ४, अलोन्सो ३, बटन ३, वेबर २, आणि रोझबर्ग, माल्दोनाडो, रायकोनेन प्रत्येकी १. बेरीज बरोबर २०. यादी अचूक होती आणि उत्तर त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा मी नवी वही उघडली आणि २०च्या २० शर्यती पहिल्यापासून पाहिल्या.

तुम्हालाही तेच करायला सांगणार आहे. शेवटी कोण जिंकलं हे आधी माहीत असलं तरी बिघडत नाही. हिशेब तपासताना ताळेबंद समोर असतोच, तरी आपण पावत्या बघतो.

हाच हंगाम का? त्यात गाड्यांचा क्रम सतत हलतो. २०११मध्ये व्हेटेलनं एकट्यानं ११ शर्यती जिंकल्या होत्या, ती वही एका पानात संपेल. २०१२ला नियमांनी एक्झॉस्टच्या हवेचा मागच्या भागाला मिळणारा फायदा आवळला आणि रेड बुलची मक्तेदारी ढिली झाली. पिरेलीचे टायर तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यातच नीट चालायचे, आणि तो पट्टा सापडायला संघांना महिने लागले. परिणामी पहिल्या ७ शर्यतींना ७ वेगळे विजेते: मेलबर्नला बटन, सेपांगला अलोन्सो, शांघायला रोझबर्ग, साखीरला व्हेटेल, बार्सिलोनाला माल्दोनाडो, मोनॅकोला वेबर, मॉन्ट्रियलला हॅमिल्टन. आठव्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, कुणीतरी दुसऱ्यांदा जिंकलं. तो अलोन्सो.

वही आखताना

प्रत्येक शर्यतीला एक पान. एका पानावर तीनच माणसं घ्या: व्हेटेल, अलोन्सो, हॅमिल्टन. मी आधी दोघांचीच पानं आखली होती आणि पाचव्या शर्यतीनंतर मागे जाऊन तिसऱ्याला जागा करावी लागली. २४ गाड्यांचा हिशेब एकट्यानं ठेवायला जाऊ नका. अर्ध्या शर्यतीतच हात टेकाल.

रकाने असे: क्वालिफाइंगमधली (शर्यतीआधीच्या वेगाच्या चाचणीतली) जागा, प्रत्यक्ष सुरुवातीची जागा, शेवटची जागा, जमा, बुडीत, कारण, आणि अगदी उजवीकडे चालू बेरीज. पहिले दोन रकाने वेगळे का, ते मोनॅकोला कळेल. तिथे क्वालिफाइंगमध्ये सर्वांत वेगवान होता मायकेल शूमाकर, पण आधीच्या शर्यतीत ब्रुनो सेनाला मागून धडकल्याची ५ जागांची शिक्षा त्याच्या डोक्यावर होती. पोल, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, मिळाली वेबरला, आणि शर्यतही त्यानंच जिंकली.

गुण पहिल्या १० जणांना: २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, सारखे लागतात. पहिल्या आणि दुसऱ्यातलं अंतर ७ गुणांचं आहे आणि तिथून खाली ते आटत जातं. म्हणून आघाडीवर असताना बंद पडलेली गाडी आणि सातव्या क्रमांकावर बंद पडलेली गाडी यांचं दुःख टीव्हीवर सारखंच दिसतं, वहीत नाही.

आता बुडीतचा नियम. यावर सगळी वही उभी आहे, तेव्हा तो कडक ठेवा. घात झाला त्या क्षणी जी जागा हातात होती, तिचे गुण वजा प्रत्यक्ष मिळालेले गुण, एवढंच बुडीत. "पुढे आणखी दोघांना गाठलंच असतं" याला वहीत जागा नाही. पहिल्याच वळणावर घात झाला असेल तर सुरुवातीची जागा धरायची. जिथे शंका असेल, ती रक्कम पेन्सिलीनं. शाई आणि पेन्सिल यांची बेरीज कधीही एकत्र करायची नाही.

कारणाच्या रकान्यात मी पाचच शब्द वापरले: यंत्र, स्वतः, दुसरा, डावपेच, शिक्षा. एका घातात दोन कारणं गुंतलेली असतील तर दोन्ही लिहा, पण आधी घडलेलं आधी.

शर्यत बघताना

जुन्या शर्यतींची पूर्ण चित्रणं अधिकृत संग्रहात असतात. नुसती ठळक क्षणांची चित्रफीत पाहून ही वही भरता येत नाही, कारण तिच्यात धडका असतात, टायर झिजणं नसतं. आठवड्याला दोन शर्यती हा वेग मला मानवला. चार-चार एकदम पाहिल्या तर सिल्वरस्टोन आणि हॉकेनहाइमची डोक्यात खिचडी होते.

सुरुवातीचे दिवे विझले की पहिली फेरी दोनदा पाहा. एकदा नुसती, मग मागे नेऊन, तिघांपैकी प्रत्येकाची गाडी धरून. त्यानंतर नजर चित्रावरून उचलून पडद्यावरच्या क्रमवारीवर आणि तिथल्या सेकंदांवर ठेवायची सवय लावा. दोन गाड्यांमधलं अंतर दर फेरीला किती बदलतंय, यात शर्यतीची निम्मी गोष्ट असते. तेव्हा अंतर १ सेकंदाच्या आत आलं की मागच्याला ठरलेल्या सरळ पट्ट्यात मागचा पंख उघडून वेग वाढवता यायचा, म्हणजे डीआरएस. त्यामुळे हा एक सेकंद म्हणजे दाराची कडी. अंतर १.३, १.१ होत चाललं असेल तर पुढची दहा मिनिटं उठू नका.

पिट स्टॉपचं, म्हणजे शर्यतीत मधेच थांबण्याचं, नीट समजून घ्यायचं तर बार्सिलोनाची शर्यत पाहा. २०१०पासून शर्यतीत इंधन भरणं बंद आहे, तेव्हा आत यायचं ते टायरसाठी. २०१२मध्ये कोरड्या शर्यतीत मऊ आणि कडक अशा दोन्ही प्रकारचे टायर वापरावे लागायचे, म्हणजे निदान एकदा तरी आत यावंच लागायचं. माल्दोनाडो पोलवरून निघाला, पण पहिल्या वळणाला अलोन्सो पुढे गेला. विल्यम्सनं माल्दोनाडोला दुसऱ्या थांब्यासाठी अलोन्सोच्या दोन फेऱ्या आधी आत बोलावलं. ताज्या टायरवर त्यानं त्या दोन फेऱ्या जिवाच्या आकांतानं मारल्या, आणि अलोन्सो थांबून बाहेर आला तोवर माल्दोनाडो पुढे निघून गेलेला. याला अंडरकट म्हणतात. रस्त्यावर ओव्हरटेक झालाच नाही, आणि तरी शर्यत तिथेच फिरली. विल्यम्सचा २००४नंतरचा तो पहिला विजय. समोर अलोन्सोसारखा माणूस असताना माल्दोनाडोनं शेवटपर्यंत एकही चूक केली नाही. या चालकाला पुढे धडकांसाठीच ओळखलं गेलं, म्हणून त्याची ही शर्यत मी मुद्दाम सगळ्यांना पाहायला लावते.

त्याच बार्सिलोनात वहीतली पहिली अवघड नोंद येते. क्वालिफाइंगला सर्वांत वेगवान हॅमिल्टन होता. पण गाडीत इंधनच कमी भरलेलं, तो परतीच्या वाटेवर थांबला, तपासणीला पुरेसं इंधन उरलं नाही आणि त्याला २४व्या, म्हणजे शेवटच्या जागेवरून निघावं लागलं. तिथून तो ८वा आला. बुडीत किती? २५ वजा ४, म्हणजे २१? मी शाई उचलली होती, मग खाली ठेवली. पोल म्हणजे करार, पैसे अजून हातात आलेले नसतात. २१ पेन्सिलीनं.

मॉन्ट्रियललाही पेन्सिलच लागते. अलोन्सोला एकाच थांब्यावर शर्यत काढायची होती. हॅमिल्टन दुसऱ्यांदा आत गेला, नवे टायर घेतले, आणि ७० फेऱ्यांच्या शर्यतीत ६४व्या फेरीला आघाडीवरच्या अलोन्सोला गाठून पुढे गेला. अलोन्सोचे टायर तोवर संपलेच होते. तो ५वा आला. हातात पहिला क्रमांक होता हे खरं, पण तो उधारीवर होता. पेन्सिल, १५, कारण: डावपेच. व्हेटेलनंही एकाच थांब्याचा बेत केला होता, पण त्यानं वेळीच बेत सोडला, उशिरा का होईना आत आला आणि ४था आला. बेत फसतोय हे कबूल करायला लागणारा वेळ हा स्वतंत्र रकाना असायला हवा होता, असं मला त्या दिवशी वाटलं.

व्हॅलेन्सियाचं पान

हे पान सावकाश भरा. अलोन्सो ११व्या जागेवरून निघाला. व्हेटेल पोलवरून असा सुटला की मागे कुणी दिसेना. मग दोन गाड्यांच्या टकरीनंतर रस्त्यावर तुकडे पसरले, सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्यामागे संथ चालवणारी गाडी) आली आणि व्हेटेलनं कमावलेलं अंतर शून्य झालं. हेही नीट बघा: सेफ्टी कार गुण खात नाही, अंतर खाते. शर्यत पुन्हा सुरू होताना अलोन्सोनं ग्रोजाँला मागे टाकलं आणि तो दुसरा झाला. थोड्याच वेळात, ५७पैकी ३४व्या फेरीला, व्हेटेलची गाडी विझत गेली. अल्टरनेटर, म्हणजे गाडीला वीज पुरवणारा भाग. पुढे ग्रोजाँही अल्टरनेटरनंच थांबला; व्हेटेलच्या रेड बुलसारखंच त्याच्या लोटसमध्येही रेनोचंच इंजिन होतं.

व्हेटेलच्या ओळीत: हातात २५, मिळाले ०, बुडीत २५, यंत्र. आता अलोन्सोच्या ओळीकडे या. तो दुसरा होता, १८चा मालक, आणि पहिला ठरला. त्याच्या जमेत ७ गुण व्हेटेलच्या अल्टरनेटरनं घातले. द्विनोंदी पद्धत इथे आपोआप येते: एकाचं बुडीत ते दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. त्यासाठी मी समासात एक बाण काढायला लागले. या पानावर बाण व्हेटेलकडून अलोन्सोकडे जातो. भावाला तो बाण दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. घरच्या गर्दीसमोर अकराव्या जागेवरून येऊन जिंकलेली ती शर्यत त्याला पाठ आहे, आणि अलोन्सोनं तिथे केलेले ओव्हरटेक खरोखरच अप्रतिम होते. दोन्ही गोष्टी एकाच पानावर खऱ्या आहेत.

शेवटून दुसऱ्या फेरीच्या आसपास तिसऱ्या क्रमांकावरचा हॅमिल्टन आणि मागून आलेला माल्दोनाडो यांची टक्कर झाली. हॅमिल्टनचे टायर पूर्ण झिजलेले होते, तो क्रमांक टिकला असता की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. १५, पेन्सिल. त्या गोंधळात तिसरा आला शूमाकर. पुनरागमनाच्या तीन हंगामांत तो एकदाच पोडियमवर चढला, तो इथे.

निकाल लागल्यावर लगेच वही मिटू नका

हॉकेनहाइमला व्हेटेल दुसरा येताना दिसतो. शेवटच्या टप्प्यात त्यानं बटनला हेअरपिनपाशी रस्त्याच्या बाहेर जाऊन मागे टाकलं होतं. शर्यतीनंतर स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याच्या वेळेत २० सेकंद वाढवले आणि तो ५वा झाला. म्हणून गुणांचा रकाना नेहमी अधिकृत निकालपत्रकावरून भरायचा, झेंडा पाहून नाही.

इथं बुडीत किती, हा आमच्यातला सर्वांत मोठा वाद. भाऊ म्हणाला ८: दुसऱ्याचे १८, मिळाले १०. मी म्हटलं ५. दुसरा क्रमांक त्यानं नियम मोडून घेतला होता, तो त्याचा कधीच नव्हता. बटनच्या मागे राहिला असता तर तिसरा, १५. खोट्या पावतीवरची रक्कम बुडीत म्हणून दाखवता येत नाही. अखेर भावानं मानलं.

हंगेरीतल्या हंगारोरिंगनंतर चालू बेरीज तपासा: अलोन्सो १६४, वेबर १२४, व्हेटेल १२२, हॅमिल्टन ११७. तुमची जुळत नसेल तर बहुधा सेपांगची नोंद चुकली आहे. त्या पावसाळी शर्यतीत अलोन्सो आठव्या जागेवरून जिंकला, आणि चौथ्या क्रमांकावरचा व्हेटेल एका फेरीनं मागे असलेल्या नारायण कार्तिकेयनच्या गाडीला घासून टायर फुटल्यामुळे ११वा आला. बुडीत १२.

४० गुणांची आघाडी, ९ शर्यती बाकी, आणि गाडी सर्वांत वेगवान नाही. मेलबर्नला हीच फेरारी क्वालिफाइंगमध्ये १२वी होती. अलोन्सोच्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम काळ होता असं माझं मत आहे, आणि हे मी भावाची बहीण म्हणून म्हणत नाही, वही भरल्यावर म्हणते.

स्पा आणि सुझुका

स्पाला सुरुवातीलाच ग्रोजाँ उजवीकडे सरकला, हॅमिल्टनला घासला आणि दोघांच्या गाड्या पुढच्या घोळक्यावर गेल्या. ग्रोजाँची गाडी अलोन्सोच्या डोक्यापासून किती जवळून गेली ते संथ गतीत पाहा. त्या वेळी डोक्याभोवती हॅलो, म्हणजे संरक्षक कडं, नव्हता. ग्रोजाँवर एका शर्यतीची बंदी आली. १९९४नंतर पहिल्यांदाच कुणा चालकावर अशी बंदी आली होती. अलोन्सो पाचव्या जागेवरून निघाला होता: बुडीत १०, दुसरा. व्हेटेल त्याच शर्यतीत दुसरा आला.

मॉन्झाला व्हेटेलचा अल्टरनेटर पुन्हा गेला. त्याआधी अलोन्सोला रस्त्याबाहेर ढकलल्याची शिक्षा भोगून तो मागे पडलाच होता, म्हणून ती रक्कम पेन्सिलीनं. सिंगापूरला हॅमिल्टन आघाडीवर असताना गिअरबॉक्स गेला: २५, शाई, यंत्र. व्हेटेल जिंकला, आणि तिथून सुझुका, कोरिया, भारत असे सलग चार विजय.

सुझुका. ही नोंद एका ओळीची आहे. अलोन्सो सहाव्या जागेवरून निघाला. पहिल्या वळणाकडे जाताना त्याचं मागचं डावं चाक रायकोनेनच्या पुढच्या पंखाला लागलं, टायर फुटला, गाडी गिरकी घेऊन बाहेर. शर्यत काही सेकंदांची. बुडीत ८. आता चालू बेरीज पाहा: अलोन्सो १९४, व्हेटेल १९०. हंगेरीनंतर या दोघांत ४२चं अंतर होतं.

हंगाम संपल्यावर मी याच पानावर परत आले आणि खाली लिहिलं: ८वा क्रमांक = ४ गुण = २८२. अलोन्सो त्या दिवशी नुसता आठवा आला असता तरी २८२ विरुद्ध २८१ असा जगज्जेता होता. नववा पुरला नसता, २ गुणांनी २८०च होतात. भावाच्या प्रश्नाचं सर्वांत छोटं उत्तर हे.

सर्वांत स्वच्छ वही कुणाची, असं कुणी विचारलं तर रायकोनेनची. दोन वर्षं फॉर्म्युला वनपासून दूर राहून आलेला माणूस, २०च्या २० शर्यती पूर्ण केल्या, १९मध्ये गुण. एकच शून्य: शांघायला दुसरा असताना टायरनी दगा दिला आणि तो १४वा आला. एक विजय, २०७ गुण, हंगामात तिसरा.

अबू धाबीचं पान भरताना घाई होते, कारण सगळं एकदम घडतं. व्हेटेल क्वालिफाइंगमध्ये तिसरा, पण इंधनाच्या नमुन्याबाबत तिथेही तेच झालं जे बार्सिलोनाला हॅमिल्टनचं झालं होतं. त्यानं पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून, सुरुवात केली, पुढचा पंख मोडून घेतला, तरी तिसरा आला. हॅमिल्टन आघाडीवर असताना २०व्या फेरीला गाडी बंद: २५, शाई, यंत्र. रायकोनेन जिंकला, अलोन्सो एका सेकंदाहून कमी अंतरानं दुसरा.

ऑस्टिनला शर्यतीआधीच वहीत नोंद करावी लागते. अलोन्सोचा संघसहकारी मासा त्याच्या पुढच्या जागेवर होता. फेरारीनं मासाच्या गिअरबॉक्सचं सील मुद्दाम तोडलं. त्याला ५ जागांची शिक्षा झाली आणि अलोन्सो आठव्यावरून सातव्या जागेवर आला. एका जागेसाठी नाही, तर विषम जागांच्या बाजूचा रस्ता स्वच्छ होता म्हणून. पहिल्या वळणातून अलोन्सो चौथा बाहेर आला आणि शेवटी तिसरा. नियमांत बसणारं होतं, पण मासाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिल्यावर मला ते पान आजही आवडत नाही.

शेवटच्या शर्यतीआधीचा तक्ता

ब्राझीलमधल्या इंटरलागोसची शर्यत लावायच्या आधी वही उघडून बसा. व्हेटेल २७३, अलोन्सो २६०. गुण समान झाले तर ज्याचे विजय जास्त तो पुढे, म्हणजे व्हेटेल. आता स्वतः मांडा. अलोन्सो जिंकला तर २८५, आणि व्हेटेलला चौथा क्रमांक पुरे. अलोन्सो दुसरा तर २७८, व्हेटेलला सातवा पुरे. अलोन्सो तिसरा तर २७५, व्हेटेलला नववा. त्याखाली आला तर हिशेबच नाही. हे तीन आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी ठेवा. समालोचक ओरडतील, पण तुम्हाला कुणाच्या ओरडण्याची गरज पडणार नाही.

पहिल्याच फेरीत, चौथ्या वळणावर व्हेटेल आणि ब्रुनो सेनाची गाडी भिडते, व्हेटेल उलटा तोंड करून उभा, आणि सगळी रांग त्याच्या अंगावरून वाट काढत जाते. गाडीची एक बाजू चेपलेली. तो शेवटच्या जागेवर. तिथून दर फेरीला त्याची जागा समासात लिहीत जा. पाऊस येतो, जातो, परत येतो, टायर बदलले जातात, क्रम उलटापालटा होतो. ५४व्या फेरीच्या सुमारास आघाडीवरच्या हॅमिल्टनला हुल्केनबर्ग आतून गाठायला जातो, ओल्या रस्त्यावर गाडी घसरते, आणि हॅमिल्टनची मॅक्लारेनमधली शेवटची शर्यत तिथेच संपते. २५, शाई, दुसरा. पुढे मासा अलोन्सोला वाट देतो, अलोन्सो दुसरा. आपल्या शेवटच्या शर्यतीत शूमाकर व्हेटेलला वाट देतो, व्हेटेल सहावा. सेफ्टी कारच्या मागे झेंडा पडतो. सातवा पुरे होता, तो सहावा आला.

वही बंद करताना

आता शाईच्या बेरजा. अलोन्सो: स्पा १०, सुझुका ८, एकूण १८. व्हेटेल: सेपांग १२, व्हॅलेन्सिया २५, हॉकेनहाइम ५, एकूण ४२. म्हणजे "नशिबानं अलोन्सोला लुटलं" हे वही म्हणत नाही. ती म्हणते की व्हेटेलचं जास्त बुडालं, पण त्याच्याकडे परत कमावायला वेगवान गाडी होती. अलोन्सोकडे नव्हती, म्हणून त्याला एकेक बुडीत जड गेलं.

पण ज्या ओळीनं मला रात्रभर जागवलं ती तिसऱ्या माणसाची. हॅमिल्टन आघाडीवर असताना संपलेल्या तीनच शर्यती घ्या: सिंगापूर, अबू धाबी, इंटरलागोस. ७५ गुण. त्याच्या १९०मध्ये घातले की २६५. बाकी सगळे जसे आले तसेच एकेक जागा खाली सरकवा. व्हेटेलचे सिंगापूरला ७, अबू धाबीला ३, ब्राझीलला २ कमी होतात: २६९. अलोन्सोचे तिन्हीकडे ३-३ कमी होतात: २६९. मी ही वजाबाकी चारदा तपासली. दोघेही २६९, आणि ४ गुणांवर तो माणूस जो प्रत्यक्षात चौथा आला आणि ज्याचं नाव या हंगामाच्या गोष्टीत सहसा निघतही नाही. बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियाची पेन्सिल तर मी अजून हातातही घेतलेली नाही.

भावाला ते पान दाखवलं. त्यानं कॅल्क्युलेटर मागून घेतला आणि पाचव्यांदा तपासलं. मग म्हणाला, "ताई, आता १९८४ काढू."

तर सध्या ती वही चालू आहे. लाउडा ७२, प्रोस्ट ७१.५, इतिहासातलं सर्वांत लहान अंतर. तेव्हा विजयाला ९ गुण आणि दुसऱ्याला ६. मोनॅकोची शर्यत पावसामुळे अर्ध्यावर थांबवली, प्रोस्ट पहिला होता, त्याला अर्धे म्हणजे ४.५ मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी ६ मिळून ७३ झाले असते, लाउडा त्या दिवशी शर्यतीत उरलाच नव्हता. पण थांबवली त्या वेळी मागून टोलमनमधला आयर्टन सेना दर फेरीला अंतर कापत येत होता. त्या ओळीच्या बुडीत रकान्यात ४.५ शाईनं लिहायचे की १.५ पेन्सिलीनं, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.